मॉन्टेनेग्रोचा प्रवास : व्हिसा, मुक्काम, वाहन आणि शाकाहार यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

मुळामुठा

गणपतीचे विसर्जन झाले की सप्टेंबरअखेरीस माझे यजमान, सत्तरीच्या उंबरठ्यावरचे सासू-सासरे आणि मी असे चौघे क्रोएशियाला जाणार आहोत. दुब्रोव्हनिकपर्यंतचा बेत पक्का आहे. त्यानंतर आठवडाभर हाताशी उरतो आणि तो शेजारच्या मॉन्टेनेग्रोत घालवावा असे आमच्या मनात आहे. दुब्रोव्हनिकहून सकाळी निघून कोटोर व बुद्वा पाहून रात्री परत आणणाऱ्या सहलींच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. परंतु देश एवढा लहान असेल तर तो नीट पाहावा, समुद्राबरोबर डोंगरही पाहावेत, असे वाटते.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या पुष्कळ देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, अर्ज अजून केलेला नाही. त्या व्हिसावर मॉन्टेनेग्रोत जाता येते असे ऐकले आहे, त्याच्या अटी कोणी सांगेल काय? गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावे? मुक्काम एकाच ठिकाणी करून रोज फिरावे की जागा बदलावी? सासरे अंडेही खात नाहीत आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना फार पायऱ्या झेपत नाहीत, हे लक्षात घेऊन सुचवावे ही विनंती.

हाइडलबर्गकर

आपण अर्ज करण्यापूर्वी विचारले हे फार बरे झाले, कारण बाकी सारे नियोजन व्हिसावर अवलंबून आहे. मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात नाही आणि शेंगेन क्षेत्रातही नाही. भारतीय पासपोर्टधारकाला तेथे एरवी व्हिसा लागतो. मात्र शेंगेन, ब्रिटन, आयर्लंड किंवा अमेरिका यांपैकी कोठलाही चालू व्हिसा अथवा तेथील निवासपरवाना जवळ असेल तर ३० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर मुक्कामही त्या तारखेलाच संपतो. मॉन्टेनेग्रोची व्हिसापद्धती युरोपीय संघाच्या नियमांशी हळूहळू जुळवून घेतली जात आहे, त्यामुळे तिकिटे काढण्याआधी तेथील परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा नियम पुन्हा एकदा वाचून घ्यावा.

खरी मेख प्रवेशांच्या संख्येत आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. म्हणजे दुब्रोव्हनिकहून देबेली ब्रियेगच्या नाक्यावरून पलीकडे गेलात की आपण शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येताना तो नवा प्रवेश मोजला जातो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीचे विमान दुब्रोव्हनिकहून पकडता येणार नाही. त्यामुळे अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागावेत आणि सोबतच्या प्रवासपत्रकात मॉन्टेनेग्रोचे दिवस मुक्कामाच्या आरक्षणासह स्पष्ट दाखवावेत, म्हणजे मागणीचे कारण अधिकाऱ्याला विचारावे लागत नाही. तरीही एकाच प्रवेशाचा व्हिसा हाती पडला तर मॉन्टेनेग्रोचा बेत सोडून तो आठवडा क्रोएशियाच्या बेटांवर घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ पूर्वी लिहिलेली प्रवासवर्णने या बाबतीत निरुपयोगी आहेत. त्या काळी क्रोएशिया शेंगेनबाहेर होता आणि तेथे कुना हे चलन चालत असे.

आणखी दोन कागदी गोष्टी आहेत. शेंगेन व्हिसासाठी आपण जो प्रवासविमा काढाल त्यात काही वेळा केवळ शेंगेन देशच अंतर्भूत असतात. पत्रकावर मॉन्टेनेग्रोचे नाव किंवा 'संपूर्ण युरोप' असा उल्लेख आहे ना, हे पाहून मगच पैसे भरावेत. दुसरे असे, की तेथे पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत परकीय पाहुण्याची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करते. खासगी सदनिकेत उतरणार असाल तर मालकाला आठवण करावी, दर दिवसाचा छोटा पर्यटनकर भरावा आणि नोंदीची पावती जपून ठेवावी.

भारताचा दूतावास मॉन्टेनेग्रोत नाही. तेथील कामकाज व्हिएन्नातील आपला दूतावास पाहतो. म्हणून चौघांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात.

नकाशाप्रेमी

व्हिसाचे सविस्तर आले आहे, म्हणून मी मार्ग आणि मुक्काम यांविषयी लिहितो.

मॉन्टेनेग्रोचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तो देश आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे, आणि लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास आहे. हे आकडे वाचून कोणालाही वाटते की एका जागी राहून सारा देश पाहता येईल, आणि नेमके तेथेच नियोजन फसते. किनाऱ्यालगत लोव्चेनचा डोंगर समुद्रातून भिंतीसारखा सरळ उठतो, उत्तरेला दुर्मिटोरची शिखरे २,५०० मीटरच्या वर जातात आणि मधल्या पट्ट्यात नद्यांनी खोल घळी कापल्या आहेत. तेथील अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही, तासांतच मोजावे. कोटोरहून दुर्मिटोरजवळच्या झाब्ल्याक या गावी रिसान व निक्शिचमार्गे जाण्यास गाडीने तीन तास धरावेत आणि वाटेत थांबायचे असेल तर अर्धा दिवस. कोटोरहून दुर्मिटोर पाहून रात्री परत आणणाऱ्या सहली निघतात, परंतु त्यांत गाडीत बसण्याचा वेळ पाहण्याच्या वेळाहून अधिक होतो. ज्येष्ठांबरोबर ते करू नये.

माझी सूचना अशी की दोनच मुक्काम करावेत. पहिला कोटोरच्या उपसागरावर चार रात्रींचा आणि दुसरा झाब्ल्याकला दोन रात्रींचा. उरलेली रात्र परतीच्या वाटेवर, शक्यतो हेर्त्सेग नोव्हीत, म्हणजे सीमा ओलांडण्याआधी दमछाक होत नाही.

कोटोरमध्ये तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात राहण्याचा मोह होईल. आत वाहनांना प्रवेश नाही, दगडी फरसबंदीवरून सामान ओढावे लागते, जिने अरुंद आहेत आणि उपाहारगृहांचा गलबला रात्री उशिरापर्यंत चालतो. त्याऐवजी लगतच्या दोब्रोता भागात पाण्याकाठी घर घ्यावे. तेथून जुन्या शहरापर्यंत काठाकाठाने सपाट रस्ता आहे आणि तो चालणे हाच तेथील मुक्कामातला मोठा आनंद आहे. नाक्यावरून कोटोरला येताना कामेनारी ते लेपेताने अशी मोटारींची फेरी मिळते. वेरिगे नावाची सामुद्रधुनी ती काही मिनिटांत ओलांडते आणि उपसागराचा लांब वळसा वाचवते. दोब्रोताला जायचे असेल तेव्हा मात्र मी फेरी टाळून वळशानेच जाईन, कारण पेरास्ट हे काठावरचे जुने गाव त्याच वाटेवर आहे आणि तेथे उतरून तासभर थांबता येते.

झाब्ल्याक सुमारे १,४५० मीटर उंचीवर आहे. सप्टेंबरअखेरीस किनाऱ्यावर पोहता येईल इतकी ऊब असते, पण इथे रात्री बोचरी थंडी पडते. घर घेताना हीटर आहे ना, हे विचारून घ्यावे. गावापासून जवळच त्स्र्नो येझेरो हे सरोवर आहे. त्याच्याभोवतीची सुमारे साडेतीन किलोमीटरची पायवाट बहुतेक सोपी आहे आणि सासूबाईंना ती पूर्ण करायची नसेल तर काठावरच्या बाकावर बसूनही दृश्य तेच दिसते. तारा नदीवरचा जुर्जेविचा तारा पूल तेथून अर्ध्या तासावर आहे. १९४० साली पूर्ण झालेला हा पूल नदीपात्रापासून १७२ मीटर उंच आहे. १९४२ मध्ये इटालियन सैन्याला अडवण्यासाठी प्रतिकारकांनी त्याची एक कमान उडवली, आणि हे काम ज्याने केले तो लाझार यौकोविच त्याच पुलाच्या बांधकामावरचा अभियंता होता. पुढे इटालियनांनी त्याला ठार मारले. पुलावरून चालता येते, मात्र वाहनांची ये-जा सुरू असते आणि पादचाऱ्यांची पट्टी अरुंद आहे.

मुळामुठा

दोघांचेही मनापासून आभार. दोब्रोताची सूचना सासूबाईंना वाचून दाखवली आणि ती त्यांना पसंत पडली. लोव्चेनवरील समाधिस्थळ पाहण्याची सासऱ्यांना इच्छा आहे. तेथे जिने किती आहेत, आणि गाडीचे काय करावे?

नकाशाप्रेमी

लोव्चेनवर मॉन्टेनेग्रोचा कवी आणि राज्यकर्ता न्येगोश याचे समाधिमंदिर आहे, त्याची रचना इव्हान मेश्त्रोविच या शिल्पकाराची. वाहनतळापासून वर ४६१ पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक डोंगराच्या पोटातून खोदलेल्या बोगद्यातून चढतात. सासूबाईंनी खाली उपाहारगृहात थांबावे, तेथूनही दरी दिसते. २०२३ पासून कोटोरजवळच्या दुब येथून लोव्चेनकडे केबलगाडी सुरू झाली आहे. ती सुमारे ११ मिनिटांत वर नेते आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरदान आहे. फक्त इतके ध्यानात असू द्यावे, की वरचे स्थानक म्हणजे समाधिमंदिर नव्हे. तेथून पुढे अनेक किलोमीटर गाडीने जावे लागते.

गाडीबाबत माझे मत घ्यावी असे आहे, परंतु ती सर्वत्र चालवू नये. कोटोरहून लोव्चेनकडे चढणाऱ्या जुन्या रस्त्याला दोन डझनांहून अधिक तीव्र वळणे आहेत, कित्येक ठिकाणी दोन वाहने शेजारून जात नाहीत आणि समोरून पर्यटकांची बस आली तर मागे घेण्याची पाळी आपल्यावर येते. तो रस्ता टाळून बुद्वा व त्सेटिन्येमार्गे लोव्चेनला जावे. वेळ जास्त लागतो, पण वाटेत त्सेटिन्ये ही जुनी राजधानी पाहून होते.

हाइडलबर्गकर

गाडीच्या बाबतीत मी वरील प्रतिसादाशी अर्धाच सहमत आहे. उपसागरावरचे चार दिवस गाडीची गरज नाही. दोब्रोता, पेरास्ट, बुद्वा या मार्गावर बस वारंवार धावतात, कोटोरमध्ये गाडी उभी करण्यास जागा मिळत नाही आणि मिळाली तरी तासाचा दर जीव काढतो. कोटोरमध्येच झाब्ल्याकच्या वाटेपासून पुढच्या दिवसांपुरती गाडी घ्यावी. दुब्रोव्हनिकहून घेतलेली गाडी सीमेपलीकडे नेण्यासाठी कंपनीची लेखी परवानगी आणि विम्याचे ग्रीन कार्ड लागते, त्याचा वेगळा आकार पडतो.

वाहन चालवणाऱ्याने भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना बाळगावा. तो प्रवासाला निघण्यापूर्वीच पुण्यातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून काढून घ्यावा. दिवे दिवसाही लावून ठेवणे बंधनकारक आहे आणि वस्तीतली वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे. वेगमोजणीचे यंत्र घेऊन पोलीस वळणाआड उभे असतात आणि दंड चुकवण्यासाठी घासाघीस करू नये.

रेल्वेचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून सांगतो. बार ते बेलग्रेड हा १९७६ साली पूर्ण झालेला मार्ग ४७६ किलोमीटरचा आहे आणि त्यातला पॉडगोरित्सा ते कोलाशिन हा टप्पा तर युरोपातल्या देखण्या रेल्वेप्रवासांत मोडतो. माला रियेका दरीवरचा पूल १९८ मीटर उंच आहे. रेल्वे कोटोरला जात नाही आणि झाब्ल्याकलाही जात नाही, त्यामुळे तुमच्या मार्गात ती सहज बसणार नाही. सासऱ्यांना आगगाडीची हौस असेल तर झाब्ल्याकहून परतताना कोलाशिनला एकाने गाडी घेऊन पुढे जावे आणि बाकीच्यांनी रेल्वेने पॉडगोरित्सापर्यंत उतरावे. वेळापत्रक आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्यावे, कारण दुरुस्तीसाठी गाड्या रद्द होत असतात.

चटणीभाकर

आहाराविषयी लिहिते, कारण आमच्या घरी अशाच अटी आहेत.

मॉन्टेनेग्रोत शाकाहारी असल्याचे सांगितले की पुष्कळदा मासे किंवा कोंबडी चालेल असे गृहीत धरले जाते. त्याहून उपयोगी पडतो तो 'पोस्नो' हा शब्द. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या अन्नाला तो लावतात, आणि त्यात मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. मासे मात्र चालतात, म्हणून 'बेझ रिबे', म्हणजे मासे नकोत, हेही जोडावे. बेकऱ्यांमध्ये बटाट्याचे, पालकाचे किंवा चीजचे पदर सुटलेले पीटा दिवसभर मिळतात. अंडेही वर्ज्य असेल तर चीजच्या आणि पालकाच्या पीटाविषयी विचारून घ्यावे, बटाट्याचा सहसा निर्धोक असतो. पोस्नो म्हणून विकला जाणारा घ्यावा म्हणजे शंका उरत नाही.

डोंगराळ भागात काचामाक जरूर मागावा. उकडलेला बटाटा आणि मक्याचे किंवा गव्हाचे पीठ एकत्र घोटून, वर कायमाक ही घट्ट साय घालून तो वाढतात. सासऱ्यांना दूध-दुभते चालत असेल तर झाब्ल्याकला दोन्ही वेळच्या जेवणाची चिंता मिटली. किनाऱ्यावर भाजलेल्या भाज्या, टोमॅटो-काकडीच्या कोशिंबिरी आणि आयवार ही लाल ढोबळी मिरचीची चटणी सर्वत्र मिळते. सूप आणि पासुल्य ही घेवड्याची उसळ यांच्यापासून मात्र सावध राहावे. दिसायला शाकाहारी असली तरी पासुल्यमध्ये धुरावलेले मांस आणि सूपमध्ये मांसाचा अर्क सर्रास असतो, आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटतच नाही.

स्वयंपाकघर असलेले घर घ्याल तर निम्मे प्रश्न सुटतात. कोटोरच्या तटाबाहेर सकाळी भाजीबाजार भरतो, तेथे भाजी, अंजिरे आणि गावातले चीज मिळते. मसाले व डाळ घरून न्यावीत. नळाचे पाणी पिण्यास चालते.

दर्यावर्दी

क्रूझ जहाजावर नोकरी केल्यामुळे कोटोर मला पाण्याच्या बाजूने ठाऊक आहे. आमच्यासारखे गोव्याचे आणि कोकणातले पुष्कळजण या जहाजांवर असतात, आणि मे ते ऑक्टोबर या काळात कोटोर हे नेहमीचे बंदर असते. त्या गर्दीत भर घालणाऱ्यांपैकी एक म्हणून सांगतो, की सकाळी नऊ-दहापासून दुपारी चारपर्यंत जुने शहर आमच्या प्रवाशांचे असते. ज्या दिवशी दोन-तीन मोठी जहाजे एकदम लागतात त्या दिवशी दरवाजातून आत शिरण्यासाठीही रांग असते. बंदराच्या संकेतस्थळावर जहाजांच्या तारखा आधीच दिलेल्या असतात. त्या पाहून ज्या दिवशी जहाज नाही तो दिवस शहरासाठी ठेवावा, किंवा सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे.

डोंगरावरच्या किल्ल्याला सुमारे १,३५० पायऱ्या आहेत आणि प्रवेशशुल्क चांगलेच आहे. वर जायचे असेल तर एक-दोघांनी पहाटे जावे. सासूबाईंसाठी ११६६ साली अभिषेक झालेले सेंट ट्रायफन कॅथीड्रल आणि सागरी संग्रहालय पुरेसे आहेत. पेरास्टहून गोस्पा ओद श्क्र्प्येला या बेटावर नावा जातात, भाडे रोख द्यावे. ते बेट माणसांनी दगड आणि जुनी गलबते बुडवून तयार केले आहे. नावेत चढताना-उतरताना हात द्यायला माणूस असतो, तरी पायात सपाट बूट असावेत.

उपसागर डोंगरांनी वेढलेला असल्यामुळे कोटोरच्या बाजूला ऊन लवकर जाते. घर निवडताना पश्चिमेकडे डोंगर किती जवळ आहे, हे नकाशावर पाहावे. पाऊस हिवाळ्याचा आहे. रिसानच्या वरचे त्स्र्क्विट्से हे गाव युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून तेथील वार्षिक सरासरी ४,५०० मिलिमीटरच्या वर जाते. सप्टेंबरअखेरीस एखादा जोरदार वळीव अपेक्षित धरावा, पण ऑक्टोबरच्या उत्तरार्धानंतर हा बेत कोणी करू नये.

मुळामुठा

यजमानांना तारा नदीवर राफ्टिंग करायचे आहे. एका छावणीचे पत्रक आले आहे, त्यात सारे एका दिवसात होते असे म्हटले आहे.

हाइडलबर्गकर

पत्रकात छावणीचा पत्ता कोठला आहे, हे आधी पाहावे. ताराचा शेवटचा टप्पा मॉन्टेनेग्रो आणि बोस्निया यांच्या सीमेवरून वाहतो, आणि राफ्टिंगच्या पुष्कळ छावण्या फोचा शहराच्या बाजूला, म्हणजे बोस्नियात आहेत. तेथे उतरायचे तर बोस्नियाच्या व्हिसानियमांत बसावे लागते आणि नाक्यावर जाता-येता कागद तपासले जातात. एकाहून अधिक प्रवेशांच्या शेंगेन व्हिसावर बोस्निया भारतीयांना थोड्या दिवसांसाठी येऊ देतो, परंतु त्या नियमाची खातरजमा वेगळी करावी. मॉन्टेनेग्रोच्या हद्दीतच राहायचे असेल तर श्चेपान पोल्ये येथे किंवा झाब्ल्याकहून नेणारी छावणी निवडावी.

पाण्याचा जोर एप्रिल-मेमध्ये, बर्फ वितळताना असतो. सप्टेंबरअखेरीस नदी उथळ आणि शांत असते, त्यामुळे थरार शोधणाऱ्याची निराशा होईल, पण नवख्याला तोच काळ योग्य. पाणी तेव्हाही बर्फाइतके थंड असते, म्हणून निओप्रीनचा पोशाख आणि शिरस्त्राण भाड्यात आहे ना, हे पैसे भरण्याआधी विचारावे.

नकाशाप्रेमी

एक पुरवणी. मॉन्टेनेग्रो युरोपीय संघाचा सदस्य नसतानाही तेथे युरोच चालतो, त्यामुळे चलन बदलावे लागत नाही. मात्र खासगी घरे, नावा आणि लहान उपाहारगृहे रोख मागतात, बसस्थानकावर सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि एटीएमवर शुल्क पडते. तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढावी आणि यंत्राने रुपयांत वजावट करण्याचा पर्याय दिला तर तो नाकारावा.

युरोपसाठी घेतलेले सिमकार्ड तेथे चालेलच असे नाही, कारण संघातला रोमिंगचा नियम मॉन्टेनेग्रोला लागू नाही. नाका ओलांडताच मोबाइल डेटा बंद करावा आणि हेर्त्सेग नोव्हीत पर्यटकांचे स्थानिक सिम घ्यावे. नकाशा दुब्रोव्हनिकमध्येच फोनवर उतरवून ठेवावा, कारण निक्शिचच्या पुढे डोंगरात कोणाचेच सिम भरवशाने चालत नाही.